बेनाळ

आपल्या नवऱ्याच्या, साजाच्या, डाव्या हाताला फडकं बांधलेलं चिक्यानं पाहिलं आणि तिच्या काळजात धस्स झालं.

तुम्ही म्हणाल, हाताला फडकं बांधलं तर बांधलं, त्यात एवढं काय? अहो, वाल्का लोकांत जखमेला फडकं बांधायची रीतच नाही. लागतंय कशाला? सुरी लागली, काटा रुतला, की माणूस जखमेवर अंगठा ठेवतो, अंकारीचं नाव घेतो आणि रक्त थांबतं. समोरचा तो बर्फाचा डोंगर, अंकारी, आपल्या माणसाचं एवढं तर ऐकतोच. गारा परतवायच्या, विताना अडलेली लामा-जनावरं सोडवायची, हे मोठे हात कुणाकुणालाच मिळतात. पण रक्त थांबवायचा हात सगळ्यांना. चोरालासुद्धा. नसतो तो फक्त बेनाळाला, नाहीतर बेनाळाला जेवू घालणाऱ्याला.

"काय लागलं रे?" चिक्यानं विचारलं.

"कुठं काय." साजानं बाही खाली ओढली. "दोर घासला."

"मग फडकं कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून. तू बटाटे सोल ना."

चिक्या बटाटे सोलायला लागली. पण तिचं लक्ष बटाट्यात कुठलं! तिचे शेवटचे महिने चालले होते, उठता-बसता कंबर धरावी लागत होती, आणि या माणसाला आत्ताच हे सुचावं! थुनूला जेवण पोचवणारा हाच तर नसेल?

थुनू तिचा थोरला दीर. मागच्या सुगीनंतर त्याला कुळानं काढलं. म्होरक्या पांक्वेचा मुलगा इल्पा कड्याखाली मरून पडला होता आणि थुनू त्याच्याशेजारी बसलेला, हात रक्तानं भरलेले. आदल्या दिवशीच दोघांची कुरणावरून जुंपली होती. "मी उचलायला गेलो होतो," थुनू सभेत ओरडत राहिला. कोण ऐकतंय? तोंडानं तो तसाही फाटका होता, अर्ध्या गावाला कधी ना कधी बोललेला.

मग रीतीप्रमाणे त्याच्या आईला उठवलं. वाल्का बाई बाळंत झाली की बाळाची नाळ काळ्या लोकरीत गुंडाळते आणि गावामागच्या नाळमाळावर एकटीनं जाऊन पुरते. जागा तिची तिला ठाऊक. नवऱ्याला सांगायची नाही, बहिणीला नाही, खूण म्हणून साधा दगड ठेवायचा नाही. नाळ मातीत आहे तोवर माणूस अंकारीला दिसतो. ज्याला काढायचं, त्याची नाळ त्याच्याच आईनं उकरायची आणि सगळ्यांदेखत नदीत टाकायची. मग तो बेनाळ. त्याला कोल्ह्यासारखा कुणीही मारावा, विचारणारं कुणी नाही.

चिक्याची सासू कुरमी त्या दिवशी माळावर गेली, उकरलं, ते काळं गाठोडं आणलं आणि नदीत टाकलं. हात कापला नाही की डोळ्यांतून टिपूस आलं नाही. चिक्याला तेव्हा सासूची भीतीच वाटली. असली कसली ही आई!

हिवाळा कोरडा गेला. आता बटाट्याला फुलोरा आला होता आणि गारांचे दिवस सुरू झाले होते. साजा कुळाचा गारपगारी. वयाच्या मानानं हात मोठा होता त्याचा. मागच्या वर्षी त्यानं पाचरीच्या खडकावर उभं राहून नुसती हाताची ओंजळ फिरवली आणि अख्खा काळा ढग नदीपलीकडं गेला होता. यंदा पहिला ढग आला, साजा खडकावर चढला, हात वर केले, घसा फुटेस्तोवर अंकारीला हाक मारली. ढगाला जसं काही ऐकूच आलं नाही. खालची सगळी वावरं झोडपून निघाली. फुलं चिखलात, पाला फाटून लक्तरं.

दुसऱ्या दिवसापासून झऱ्यावर बायकांची तोंडं सुटली.

"काय गं चिक्या, नवऱ्याचा हात झोपलाय वाटतं?" तोल्का म्हणाली. ही पांक्वेची भावजय, जिभेला हाड नाही.

"अगदीच झोपला नसेल," दुसरी म्हणाली, "हिचं पोट बघ की!"

सगळ्या खिदळल्या. चिक्याही हसली, न हसून सांगते कुणाला! पण तोल्का हसता हसता थांबली आणि हळूच म्हणाली, "चांगला हात असा जात नाही बाई. कुणीतरी बेनाळाला खाऊ घालतंय. आणि आईचं काळीज आईचंच असतं, नाही का?"

संध्याकाळी पांक्वेनं चौकात उभं राहून तेच सांगितलं. ज्या घरातून बेनाळाला घास जातो ते घर सापडलं, की चुलीसकट कुळाबाहेर. पोराबाळांसकट. हे म्हणताना त्यानं चिक्याच्या दाराकडं बघितलं नाही, आणि तो बघत नाही हे सगळ्यांनी बघितलं.

पोराबाळांसकट! चिक्याच्या डोक्यात तेवढंच राहिलं. तिच्या पोरानं अजून जग पाहिलं नव्हतं. त्याची नाळ पुरायला माळावर वीतभर जागा मिळाली नाही, तर ते जन्मतःच बेनाळ. पहिल्यांदा गुडघा फुटला की रक्त वाहून मरायचं, अंकारीला पत्ताही लागणार नाही. छे! आपल्या पोराला जागा मिळालीच पाहिजे. मग त्यासाठी कुणावरही पाळत ठेवावी लागली तरी बेहत्तर.

तिनं पहिली पाळत सासूवर ठेवली. कुरमी कुठं जाते, कधी येते, शालीखाली काही आहे का. वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यावर चिक्या रोज हात फिरवायची, कमी झालं का बघायला. झालं नव्हतं. मग एकदा कुरमीला मांस चिरताना सुरी लागली. बोटातून रक्त आलं, तिनं अंगठा ठेवला, पुटपुटली, "अंकारी," आणि परत चिरायला लागली. बोट कोरडं ठणठणीत.

चिक्या टक लावून बघत होती.

"काय बघतेस?" कुरमीनं वर न बघता विचारलं.

"काही नाही, आत्याबाई."

"माझं रक्त तपासतेस होय? तपास, तपास. तुझ्या जागी मी असते तर मीही तपासलं असतं."

चिक्या ओशाळली. पण सासूचा हात शाबूत होता हे खरं. तिनं गुपचूप स्वतःच्या बोटाला सुई टोचून पाहिली. तिचाही शाबूत. म्हणजे गेला होता तो एकट्या साजाचा. आणि आता हे फडकं.

तो लामांना बांधून आला तसं तिनं त्याला गोठ्याच्या भिंतीपाशी गाठलं.

"तूच देतोस ना त्याला?"

"कुणाला?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. भावाला!"

"हळू बोल." साजाचा चेहरा पांढरा पडला होता. "पोटातल्या पोराची आण, चिक्या. त्याला काढल्यापासून मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. एक दाणा दिलेला नाही."

आणि गंमत बघा, चिक्याचा त्याच्यावर विश्वास बसला. नवरा खोटं बोलतो तेव्हा त्याच्या मानेची शीर उडते हे तिला माहीत होतं. दोर घासला म्हणताना उडाली होती. आत्ता उडाली नाही. पण त्यानं तिला बरं वाटायचं सोडून आणखीच धाकधूक वाटायला लागली. हा जेवण देत नाही, तर याचा हात गेला कुठं?

तेवढ्यात पांक्वे आला. इल्पा गेल्यापासून तो म्हातारा दिसायला लागला होता. चुलीपाशी बसला, कुरमीनं दिलेली मक्याची दारू हातात धरली, प्यायला मात्र नाही.

"साजा, मला तुझ्या घरावर संशय घ्यायचा नाही," तो म्हणाला. "पण लोक गप्प बसेनात. थुनू वरच्या गुहेत आहे. मेंढपाळांनी पाहिलाय. धडधाकट आहे म्हणे. बेनाळ माणूस हिवाळाभर धडधाकट राहतो म्हणजे काय? तुझा हात तोच ओढतोय. उद्या सकाळी निघायचं. पहिला भाला रक्ताच्या माणसानं टाकायचा असतो, तुला माहीत आहे."

"येतो," साजा म्हणाला. "पहिला भाला माझा."

लगेच! आईकडं एकदा वळून बघायचं, निदान मान खाली घालायची, काहीच नाही. पांक्वेलाही ते जाणवलं असावं, दारू तशीच ठेवून तो उठून गेला. चिक्यानं नवऱ्याचा चेहरा पाहिला. ओझं उतरल्यावर हमालाचा होतो तसा तो सैल झाला होता. सख्ख्या भावाला मारायला निघालेल्या माणसाचा चेहरा असा असतो?

चुलीपुढं ढवळत बसलेली कुरमी उठली, शाल घेतली आणि बाहेर पडली. चिक्या तिच्या मागं गेली. लपूनछपून नाही, सरळ गेली. या पोटानं लपणार तरी कशी!

कुरमी नाळमाळावर बसली होती. ऊन अजून होतं, वारा मात्र बोचरा. तिच्या पुढ्यात गवत आणि माती, दुसरं काही नाही.

"आत्याबाई," चिक्यानं धापा टाकत विचारलं, "तुम्ही कुणाची नाळ टाकली?"

कुरमी हसली. म्हणजे हसल्यासारखं केलं.

"इतके महिने झाले, हे कुणी विचारलं नाही बघ. पांक्वेनं नाही, सभेनं नाही. गाठोडं काळं होतं, मी आणलं, मी टाकलं. बस्स."

"कुणाची?"

"ज्यानं केलं त्याची."

चिक्या तिच्यासमोर गवतावर बसली. ती हे ऐकायलाच आली होती.

"मी वरच्या कुरणात होते," कुरमी सांगायला लागली. "इल्पा आणि साजा कड्यावर अंडी काढायला गेले होते. इल्पाला नकला करायची खोड, तुला ठाऊक आहे. साजा ढगापुढं हात कसे नाचवतो त्याची नक्कल करत होता. हसत होता. यानं एक धक्का दिला. मारायचं नव्हतं गं त्याला, मी आई आहे, मला कळतं. पण धक्का तो धक्काच. मग हा पळाला. ओरडा ऐकून थुनू खाली धावला, आणि लोकांनी त्याला धरलं."

"मग सभेत का नाही बोललात?"

"पोराच्या निवाड्यात आईला कुठं तोंड असतं? बोलले असते तर थोरल्याची बाजू घेतेय म्हणून हाकलली असती. मला तोंड दिलं नाही, हात दिला. उकर म्हणाले, उकरली. अंकारीला मी खोटं दिलं नाही."

"आणि मी? मी काय केलं होतं? इतके महिने मी बेनाळाच्या ताटात जेवतेय!"

"तुला ठाऊक नव्हतं, मलाही वाटलं, अंकारी तेवढं समजून घेईल. घेतलंही. तुझा हात आहे ना शाबूत? आणि माझा... मला वाटलं होतं, माझा जाईल. नाही गेला. का, ते त्यालाच माहीत." तिनं डोंगराकडं बघितलं. "वाटायचं, हात गेला की साजाला कळेल. स्वतः उठून सांगेल. कळलंय त्याला. पहिल्याच आठवड्यात कळलं. फडकं आजचं नाही, चिक्या. तुला आज दिसलं."

चिक्याला संताप आला. असा आला की तिनं मूठभर गवत उपटून फेकलं.

"उद्या थुनूला मारतील. त्याची नाळ इथं मातीत आहे. कुळातल्या माणसाला कुळानंच मारलं तर अंकारी कुणाला ठेवील? तुम्ही जाऊन सांगा!"

"नाही."

"का नाही?"

"एकाला मी माझ्या हातानं टाकलं," कुरमी म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आता त्याच्यावर भालेही मीच घालू? दोघंही माझेच आहेत गं. मला नको सांगूस. तू सांग असं म्हणत नाही, सांगू नको असंही म्हणत नाही."

"म्हणजे माझ्या गळ्यात घालताय."

"हो," कुरमी म्हणाली. "घालतेय."

घरी आल्यावर चिक्यानं साजाला एक संधी दिली. तिला ती द्यायचीच होती. या माणसावर तिचा जीव होता, लग्नाआधीपासून होता, आणि असली गोष्ट कळली म्हणून जीव काही चुलीसारखा विझत नाही.

"उद्या जाऊ नकोस," ती म्हणाली. "पांक्वेकाकांकडं जा. सांगून टाक."

साजानं भाल्याला धार लावायचं थांबवलं. "आई काय म्हणाली तुला?"

"तू सांग ना."

त्यानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. "चिक्या, उद्याचा दिवस जाऊ दे. तो गेला की कुणी काही विचारणार नाही. हात परत येईल माझा."

"नाही येणार."

"येईल!" तिच्याकडं बघत तो जोखत होता, हिला नक्की किती माहीत आहे, आणि ही कुणाकुणाला सांगेल. आपल्या नवऱ्याची भीती तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटली.

सकाळी चौकात भाले गोळा झाले. बेनाळावर निघताना प्रत्येकानं पात्यावर तळहात चिरायचा, रक्त पात्याला लावायचं आणि अंगठ्यानं थांबवायचं, म्हणजे अंकारीची परवानगी झाली. एकेक जण करत होता. साजाची पाळी आली तसा तो म्हणाला, "माझं झालं घरीच," आणि भाला खांद्यावर टाकला. पातं लाल होतं. कुठल्या लामाचं रक्त होतं कोण जाणे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अशा कामात कुणी लबाडी करील हे वाल्का माणसाच्या डोक्यातच येत नाही.

"घरी नाही झालं," चिक्या म्हणाली.

सगळे वळले.

"बाई, मागं हो," पांक्वे म्हणाला. "ही तुझी जागा नाही."

"काका, माझ्या नवऱ्याच्या हाताला फडकं का बांधलंय, तेवढं विचारा. मग होते मागं."

"फडकं?" तोल्का म्हणाली. "हाताला?"

साजा हलला नाही. पांक्वेनं त्याची बाही वर केली, गाठ सोडली. आत जखम होती, जुनी, कडा पिवळ्या पडलेल्या, मधे ओली. असली जखम तिथं कुणी कधी पाहिली नव्हती. पांक्वेनं भाल्याचं टोक त्याच्या तळहाताला लावलं.

"थांबव," तो म्हणाला.

साजानं अंगठा ठेवला. "अंकारी."

रक्त आलं.

"अंकारी." त्यानं अंगठा दाबला. "अंकारी! अरे, अंकारी!"

रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि मातीत ठिबकायला लागलं. लोक मागं सरकले. कुणीतरी रडायला लागलं. पांक्वे कुरमीकडं वळला.

"कुरमी. कुणाची टाकलीस?"

"ज्यानं केलं त्याची," कुरमी म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

पांक्वेच्या हातात भाला होता आणि रीतीनं त्याला कुणी अडवणारं नव्हतं. सगळे वाट बघत होते.

"इल्पाच्या दिवसकार्याला माझ्या शेजारी बसून रडलास रे तू," तो म्हणाला. "मी तुला घास भरवला." मग त्यानं मागच्या माणसांना सांगितलं, "भाले इथंच ठेवा आणि वर जाऊन थुनूला घेऊन या. हात जोडून आणा." आणि साजाला म्हणाला, "माझा हात उठायच्या आत चालता हो."

साजा चिक्यासमोर येऊन उभा राहिला. एका हातानं दुसरा घट्ट आवळून धरलेला.

"चल," तो म्हणाला. "चिक्या, एकटा नाही जगायचो मी. पोर माझंही आहे."

"आणि नाळ कुठं पुरू?"

तिला हुंदका आवरेना. तिला त्याच्याबरोबर जावंसं वाटत होतं, पाय तिकडंच ओढत होते, खोटं कशाला बोला. ती दोन्ही हात पोटावर ठेवून जागच्या जागी उभी राहिली.

"बरं," साजा म्हणाला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला. "मग पुरशील तेव्हा जागा तेवढी सांग. कुणाला तरी सांगून कळव. लांबून बघेन फक्त, मातीला हात नाही लावायचो. एवढं तरी देशील ना?"

चिक्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खरं बोलत होता की नाही, मानेची शीर उडत होती की नाही, स्वतःच्याच डोळ्यांत पाणी होतं, तिला नीट दिसेना.

"नाही," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाही रे मला."